नवा माउथपीस आणि षड्जाचा मेळ

सॅक्सोफोनचा नवा माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा भाग, घेताना बहुतेक जण आधी आवाजाचा रंग पाहतात. तो गडद आहे की धारदार, भरीव आहे की पातळ, हे एखादा लांब स्वर फुंकून ठरवले जाते आणि तो स्वर कानाला गोड लागला की निवड झाली असे मानले जाते. मी ऑल्टो सॅक्सोफोनवर तंबोऱ्याच्या साथीने राग आणि नाट्यपदे वाजवते, आणि अलीकडेच जुना माउथपीस बदलून नवा बसवला. त्या सगळ्या खटाटोपातून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्या संगीतासाठी माउथपीस निवडताना आवाजाचा रंग दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा आणि सप्तकांचा आपसातला मेळ पहिल्या क्रमांकावर. रंग ओठांनी, श्वासाने आणि रीड (माउथपीसवर बसणारी, फुंकल्यावर कंपणारी पातळ पट्टी) बदलून बऱ्याच अंशी घडवता येतो. दोन सप्तकांमध्ये पडलेले अंतर मात्र कितीही रियाज केला तरी ओठांना रोज भरून काढावे लागते, आणि तेवढी शक्ती गाण्यातून वजा होते.

याचे कारण वाद्याच्या रचनेतच आहे. अडोल्फ साक्स यांनी १८४६ साली पॅरिसमध्ये ज्या वाद्याचे पेटंट घेतले त्याची नळी शंकूच्या आकाराची आहे. पण फुंकण्यासाठी शंकूचे निमुळते टोक कापावेच लागते, आणि त्या कापलेल्या टोकाची जागा माउथपीसच्या आतली पोकळी घेते. ही पोकळी कापलेल्या टोकाच्या घनफळाशी जुळली तरच खालचे सप्तक आणि ऑक्टेव्ह की, म्हणजे स्वर एक सप्तक वर नेणारी किल्ली, दाबून निघणारे वरचे सप्तक एकमेकांशी नीट जुळतात. पोकळी कमी पडली तर वरचे सप्तक चढे लागते, जास्त झाली तर ते उतरते. माउथपीस वाद्याच्या मानेवरच्या (नेकवरच्या) कॉर्कवर आतबाहेर सरकवणे म्हणजे केवळ वाद्य चढवणे-उतरवणे नव्हे, तर हे घनफळ कमीजास्त करणे होय. ही एक गोष्ट मनात ठेवली तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

साक्स यांच्या काळातल्या माउथपीसची पोकळी मोठी आणि गोलसर असे. सॅक्सोफोनवादक सिगुर्ड राशेर (१९०७–२००१) यांनी अभिजात वादनासाठी हीच घडण योग्य असल्याचा आयुष्यभर आग्रह धरला. पुढे नृत्यसंगीताच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि ड्रमच्या गर्दीतून ऐकू जाण्यासाठी पोकळ्या लहान होत गेल्या आणि टोकामागचे छत, ज्याला बॅफल म्हणतात, ते रीडच्या जवळ आले. बॅफल जितका उंच तितकी हवा अरुंद वाटेने वेगाने जाते आणि आवाजातले वरचे अंशस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर, ठळक होतात. बडोद्यात वरातीच्या बँडमध्ये वाजवणारे एक ज्येष्ठ वादक माझा नवा माउथपीस हातात घेऊन म्हणाले, "ताई, आवाज गोड आहे, पण रस्त्यावर हा चार माणसांच्या पुढे जाणार नाही." त्यांच्या कामासाठी ते अगदी खरे आहे. मांडवीच्या दरवाजाखालून निघालेल्या वरातीत, ताशांच्या शेजारी, उंच बॅफलचाच माउथपीस हवा. मला दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवात, एका लहान सभागृहात, तंबोरा आणि तबल्याबरोबर वाजवायचे असते, म्हणून माझी निवड वेगळी.

टोकाच्या फटीचे मोजमाप, म्हणजे रीडचे टोक आणि माउथपीसचे टोक यांतले अंतर, हा सर्वांत जास्त चर्चिला जाणारा आकडा आहे. यामाहाचा ४सी हा नवशिक्यांना सहसा दिला जाणारा ऑल्टो माउथपीस. त्याची फट १.६० मिमी आहे. सेल्मरच्या एस-८० मालिकेतला सी-स्टार १.७० मिमीचा, तर मायरचा ५ क्रमांकाचा माउथपीस इंचाच्या ७१ हजारांशांचा, म्हणजे सुमारे १.८० मिमीचा. माउथपीसवर कोरलेले क्रमांक प्रत्येक कंपनीचे आपले असतात. यामाहाचा ५ आणि मायरचा ५ एकच नव्हेत, त्यामुळे तुलना मिलिमीटरमध्येच करावी. शिवाय फट एकटी काही सांगत नाही. रीड माउथपीसपासून कोठून सुटायला लागते, म्हणजे वळण किती लांब आहे, यावरही फुंकण्याचा जोर ठरतो. एवढीच फट असलेला पण लांब वळणाचा माउथपीस मऊ वाटतो आणि आखूड वळणाचा कडक.

मींडेच्या दृष्टीने फटीचा विचार थोडा सविस्तर करायला हवा. सॅक्सोफोनवर किल्ल्या असल्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे हे मुख्यतः जबडा, ओठ आणि घशाच्या पोकळीने साधावे लागते. फट मोठी असली की रीडला हालचालीला जागा मिळते आणि स्वर अधिक खोल वाकतो. पण त्याच मोकळेपणामुळे षड्जावर स्थिर राहणे कठीण होते, आणि तंबोऱ्यासमोर डळमळणारा षड्ज मला सर्वांत जास्त खटकतो. कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) यांनी ऑल्टो सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीतातली गमके इतक्या सहजतेने वाजवली की या वाद्यावर स्वर वाकवता येतो का, हा प्रश्नच उरला नाही. प्रश्न एवढाच उरतो की आपल्या फुंकेला किती फट पेलते. मी १.८० मिमीच्या आसपासची फट, मध्यम पोकळी आणि हलक्या उताराचा बॅफल, अशा एबोनाइटच्या (कडक रबराच्या) माउथपीसवर स्थिरावले. आधीचा १.६० मिमीचा होता. दोन दशांश मिलिमीटर हे अंतर कागदावर नगण्य वाटते. ओठांना मात्र ते पहिल्या फुंकेतच कळते.

आता मेळाची परीक्षा. मी काळी पाचला (बी-फ्लॅटला) षड्ज धरते. ऑल्टो हे ई-फ्लॅटचे वाद्य असल्यामुळे, म्हणजे बोटांनी सी धरला की ई-फ्लॅट ऐकू येत असल्यामुळे, त्याच्या बोटांच्या भाषेत हा षड्ज जी होतो, आणि मग यमनातला तीव्र मध्यम येतो सी-शार्पवर, पंचम येतो डीवर. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याला यातली अडचण लगेच दिसेल. मधला सी-शार्प एकही किल्ली न दाबता निघतो, म्हणजे नळीची सर्वांत आखूड लांबी वापरतो. त्याच्या लगतचा डी मात्र दोन्ही हातांची तीन-तीन बोटे आणि ऑक्टेव्ह की दाबून, लांब नळीच्या दुसऱ्या अवस्थेतून निघतो. सी-शार्प स्वभावतः उतरलेला आणि उघडा, डी स्वभावतः चढा आणि काहीसा दबलेला. तीव्र मध्यमावरून पंचमावर जाणारी यमनातली ती मोलाची जागा नेमकी या सांध्यावर येते. माउथपीस थोडा बाहेर ओढला की आखूड नळीचा स्वर लांब नळीच्या स्वरापेक्षा जास्त उतरतो, म्हणून तीव्र मध्यम आधी हलतो आणि पंचम त्यामागून. यमनाची ही जोडी ज्या माउथपीसवर कमीत कमी ओठकामाने जुळते, तो माउथपीस माझ्या वाद्याला योग्य, असे मी मानते. दुसऱ्या पट्टीत वाजवणाऱ्याने हीच जोडी आपल्या रागात कोठे पडते ते शोधून काढावे.

दुकानात किंवा घरी माउथपीस पाहताना मी पुढील क्रम पाळला. आधी वाद्य काही वेळ वाजवून गरम करायचे, कारण नळीतली हवा एका अंशाने तापली की स्वर सुमारे तीन सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो आणि थंड वाद्यावरचे सगळे निष्कर्ष फसवे ठरतात. मग तंबोरा लावून मंद्र पंचम आणि मध्य पंचम आलटून पालटून वाजवायचे. दोन्हींची बोटे एकच, फरक फक्त ऑक्टेव्ह कीचा, त्यामुळे ओठ न हलवता जे अंतर ऐकू येते ते माउथपीस आणि नळी यांचे असते. त्यानंतर मध्य आणि तार षड्ज, मग तीव्र मध्यम-पंचमाची जोडी, आणि शेवटी तार पंचम, जो तळहाताच्या किल्लीवर येतो आणि लहान पोकळीच्या माउथपीसवर हमखास वर पळतो. ट्यूनर मी मुद्दाम दूर ठेवला. ट्यूनरचा गंधार हा पेटीचा समविभाजित गंधार असतो, आणि तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू शुद्ध गंधार त्याहून सुमारे चौदा सेंट खाली असतो. ट्यूनरच्या सुईला खूश करणारा माउथपीस तंबोऱ्याला खूश करेलच असे नाही. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली याच बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली भरली, तेव्हाही श्रुतींचा प्रश्न चर्चेला होता. वाद्य कोणते का असेना, गंधार कोठे लावायचा हे शेवटी कानानेच ठरवावे लागते, याची आठवण मला त्या परिषदेच्या हकीकती वाचताना नेहमी होते.

धातू, एबोनाइट, प्लास्टिक आणि लाकूड यांच्या वादात मी फारशी पडत नाही. आतली घडण एकच असेल तर पदार्थाने पडणारा फरक फार थोडा असतो. धातूचे माउथपीस धारदार वाटतात ते प्रामुख्याने त्यांच्या आत उंच बॅफल आणि अरुंद पोकळी असते म्हणून. दातांना मात्र फरक जाणवतो: धातूची चोच बारीक असल्याने तोंड कमी उघडते.

निवड झाल्यावर खरे काम सुरू होते. एखादा नवा माउथपीस दिसायला निर्दोष असला तरी त्याची रीड बसण्याची सपाट बाजू आणि दोन्ही कडा तपासाव्यातच. साधी परीक्षा अशी: ओली केलेली रीड लिगेचरने, म्हणजे ती आवळून धरणाऱ्या पट्ट्याने, बसवून मागचे तोंड तळहाताने घट्ट बंद करावे आणि पुढून हवा ओढून घ्यावी. रीड क्षणभर टोकाला चिकटून राहिली आणि मग टक् आवाज करून सुटली, तर रीड आणि कडा यांच्यात हवा गळत नाही. अजिबात चिकटली नाही तर दुसरी रीड लावून पाहावे. कोणतीच चिकटत नसेल तर दोष माउथपीसचा. याहून नेमके पाहायचे तर सपाट काचेची पट्टी रीडच्या जागी धरून तिच्या आणि कडांच्या मधून फीलर गेजची, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापकाची, पातळ पाती सरकवतात आणि ती दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर अडते का ते पाहतात. वाद्यदुरुस्तीचे जाणकार एरिक ब्रँड यांच्या पद्धतीत यासाठी इंचाच्या दीड हजारांश जाडीची, म्हणजे सुमारे ०.०४ मिमीची पाती वापरतात आणि काचेवर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असतात. बडोद्यात याची सोय अवघड नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कोणाच्याही हत्यारांच्या खणात फीलर गेज सापडते. मी पाहिलेल्यांपैकी एका माउथपीसची डावी आणि उजवी कड स्पष्टपणे वेगवेगळ्या जागी सुटत होती, आणि त्यावर मध्य सप्तकातला पंचम अधूनमधून किंचाळत होता. तो परत केला. कडा स्वतः घासून सारख्या करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही: टोकाच्या कडेवरून दोन-चार हजारांश इंच जास्त निघाले तरी फट आणि वळण दोन्ही बदलतात, आणि काढलेला पदार्थ परत भरता येत नाही. ते काम मोजमापाची साधने असलेल्या कारागिराचे आहे.

त्यानंतर कॉर्क. नेकवरचा कॉर्क जुन्या माउथपीसच्या आतल्या व्यासाप्रमाणे दबलेला असतो, त्यामुळे नवा माउथपीस एकतर सैल बसतो किंवा शिरतच नाही. शिरत नसेल तर जोर लावू नये, कारण नेक वाकतो किंवा कॉर्क सोलून निघतो. कॉर्कला चारी बाजूंनी सारखा, बारीक पॉलिश पेपर पट्टीसारखा धरून थोडा थोडा घासावा, प्रत्येक वेळी पुसून, कॉर्क ग्रीस लावून, माउथपीस फिरवत बसवून पाहावा. सैल बसत असेल तर कॉर्कला वाफ दिल्याने तो काही प्रमाणात फुगतो. कागदाची किंवा टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणे हा एका कार्यक्रमापुरता उपाय आहे. फरक मोठा असल्यास नवा कॉर्क लावून घेणे हेच बरे. माझ्या बाबतीत नवा कॉर्कच लावावा लागला, आणि तो कारागिराकडून लावून घेताना मी नवा माउथपीस सोबत दिला, म्हणजे घासणे त्याच्या मापाने झाले. सैल कॉर्कमधून थोडीही हवा गळली तर खालचे स्वर घोगरे होतात, आणि दोष माउथपीसवर येतो.

कॉर्कवरची जागा ठरवण्याआधी ओठांची पकड तपासून घ्यावी. नुसत्या माउथपीसवर रीड लावून फुंकल्यास ऑल्टोवर सुमारे पांढरी सहाचा, ८८० हर्ट्झचा स्वर निघावा, असे अभिजात पद्धतीत शिकवतात. त्याहून बराच वर येत असेल तर आपण रीड चावत आहोत, आणि चावत असताना लावलेली जागा ओठ सैल होताच चुकीची ठरते. मोठी फट घेतल्यावर चावण्याचा मोह वाढतो. त्याला उत्तर रीडमध्ये आहे. मी आधी ३ नंबरची रीड वापरत होते, ती नव्या माउथपीसवर अडीचवर आणली. रीडचे नंबरही कंपनीगणिक बदलतात, म्हणून नव्या माउथपीसबरोबर शेजारशेजारचे दोन-तीन नंबर पाहावेत आणि निदान काही दिवस त्यांच्यावर रियाज केल्याशिवाय मत बनवू नये. रीड बसवताना तिच्या टोकावर माउथपीसची काळी कड केसाएवढी दिसावी. रीड किंचित वर सरकवली की ती कडक लागते, खाली घेतली की मऊ. एखादी रीड जरा जड वाटत असेल तर ती फेकण्याआधी हे करून पाहावे. लिगेचरचे स्क्रू फक्त रीड न हलण्याइतके आवळावेत.

माउथपीस तोंडात किती घ्यायचा हेही नव्याने ठरवावे लागते, कारण वळणाची लांबी बदललेली असते. कागदाचा पातळ कपटा रीड आणि माउथपीस यांच्यामध्ये हलकेच सरकवला की तो जेथे अडतो तेथे रीड माउथपीसपासून सुटते. खालच्या ओठाचा आधार त्या जागेच्या आसपास असावा. त्याहून पुढे, टोकाकडे ओठ ठेवला तर आवाज कोंडतो. फार मागे गेला तर स्वर ताब्यात राहत नाही. वरच्या दातांखाली रबराची पातळ चकती चिकटवल्याने दात घसरत नाहीत आणि फुंकताना कवटीत घुमणारी कंपने कमी होतात, त्यामुळे आपला आवाज श्रोत्याच्या थोडा जवळ जाऊन ऐकता येतो. जाड चकतीने तोंड अधिक उघडते, म्हणून मी पातळ वापरते.

हे सगळे झाल्यावर मंद्र आणि मध्य पंचमाची परीक्षा पुन्हा घेतली, आणि ज्या जागी दोन्ही तंबोऱ्यात मिसळले तेथे कॉर्कवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. ही रेघ वर्षभर एकच राहत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, वाद्य चढते आणि माउथपीस रेघेच्या थोडा बाहेर राहतो; जानेवारीच्या पहाटे तो आत जातो. फरक फार मोठा असेल, म्हणजे वाद्य पट्टीत आणण्यासाठी माउथपीस इतका ओढावा लागत असेल की यमनाची जोडी फिसकटते, तर तंबोराच थोडा चढवून घेणे मी पसंत करते. गायकाची साथ असेल तेव्हा हे शक्य नसते. एकल वादनात मात्र ही मुभा आपल्याला आहे आणि ती वापरावी.

एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेले रबर, त्यामुळे त्याला ऊन आणि गरम पाणी दोन्ही सोसत नाहीत. रंग हिरवट-तपकिरी होतो आणि गंधकाचा वास व चव येऊ लागते. वाजवून झाल्यावर रीड काढून ठेवावी, माउथपीस कोमट किंवा थंड पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावा, आतून घासण्यासाठी टोकदार काही घालू नये, कारण टोकाची कड फार नाजूक असते. टोपी लावून तो पेटीत सावलीत ठेवावा; उन्हाळ्यात बंद गाडीत तर मुळीच सोडू नये.